माझ्या कूलरमधलं बाळंतपण

ग्रेडरकाका समोरून येताना दिसले की आमच्या गल्लीतली माणसं आधी आपले कपडे सांभाळतात. कारण रामराम म्हणायच्या आत काकांची चिमटी तुमच्या शर्टाच्या बाहीवर बसलेली असते. कापड दोनदा चोळायचं, डोळे बारीक करायचे आणि निकाल देऊन मोकळं व्हायचं. "कवडी हाये." कवडी म्हणजे डागाळलेला, बोंडातच सडलेला कापूस. दिवाळीला हौसेनं घेतलेला शर्ट पहिल्यांदा घालून मी घराबाहेर पडलो, तर हे ऐकून घेतलं. दिवसभर ऑफिसात मला त्या शर्टाची लाज वाटत होती.

एका लग्नात काका आहेर द्यायला स्टेजवर चढले. फोटोवाला "इकडे पाहा" म्हणून ओरडत होता आणि हे नवरदेवाची शेरवानी चिमटीत धरून उभे. "पोट्टं चांगलं हाये, पन हे पॉलिस्टर हाये." बरं, लग्नापुरतं असतं तर चाललं असतं. गल्लीत एक म्हातारबाबा वारले, तिथं सगळे माना खाली घालून बसलेले. काकांनी भिंतीशी गुंडाळून ठेवलेल्या गादीच्या उसवलेल्या कोपऱ्यात बोट घातलं, दोन तंतू ओढून पाहिले आणि बाबाच्या मुलाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "कापूस पयल्या नंबरचा होता बरं बाबाचा." तो बिचारा रडता रडता "हाव" म्हणाला.

काका मूळचे तेल्हाऱ्याकडचे. उभी हयात कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर म्हणून गेली. शेतकऱ्याच्या गाडीतून मूठभर कापूस काढायचा, दोन्ही हातांनी ओढून धाग्याची लांबी पाहायची आणि नंबर सांगायचा. नोकरी संपली, केंद्र सुटलं, पण चिमटी काही सुटली नाही. पुढारी असो, जावई असो की माझ्या बायकोनं, सुषमानं केलेला शिरा असो, काकांचं एकच म्हणणं, "आगुदर धागा पाहू दे, मंग बोल."

काकू चार वर्षांपूर्वी गेल्या. मुलगा-सून पुण्याला. अकोल्याच्या जठारपेठेत काकांची आणि आमची भिंत एक, मागचं अंगण एक. आणि माझी नोकरी अमरावतीला. म्हणजे रोज सकाळी आगगाडी धरून बडनेरा गाठायचं आणि तिथून पुढं ऑटो. माझी सकाळ मिनिटांवर चालते. काकांना जे काय सुचतं ते नेमकं त्याच मिनिटांत सुचतं.

आता सरकीबद्दल सांगतो. सरकी म्हणजे गल्लीतली एक कुत्री. मळकट पांढऱ्या अंगावर कापसातल्या बियांसारखे काळे ठिपके, म्हणून काकांनीच ठेवलेलं नाव. ती कोणाचीच नव्हती. मागच्या थंडीत तिनं पिठाच्या गिरणीमागं नालीच्या काठावर चार पिल्लं दिली. दोन गारठून गेली, दोन गाडीखाली आली. नंतर कितीतरी दिवस ती त्या नालीशी जाऊन हुंगत बसायची. यंदा डिसेंबरात तिचं पोट पुन्हा जमिनीला टेकायला लागलं आणि काकांनी मला ऐन गाडीच्या वेळी फाटकात अडवलं.

"रमेश, यंदा एकबी पिल्लू वाया जाऊ द्याचं नाई."

"बरं काका."

"बरं काय बरं? जागा पायजे तिले. गादी पायजे."

गादी! संध्याकाळी घरी येतो तर काकांच्या ओट्यावर संत्र्याची लाकडी पेटी, आणि तिच्यात काठोकाठ पिंजलेला कापूस. तेल्हाऱ्याच्या चुलतभावाकडून खास मागवलेला. काकांनी पेटीतून एक बोंडभर उचलून माझ्या नाकासमोर ओढून दाखवला. "पाय धागा! असा कापूस मानसाच्या लेकराले भेटत नाई." सरकी आली. हुंगलं. शिंकली. मग तिनं पुढच्या दोन पायांनी असं काही उकरलं, की पाच मिनिटांत आमच्या गल्लीत कापूसच कापूस. माझ्या वाळत घातलेल्या पँटीवर, सुषमाच्या पापडांवर, शेजारच्यांच्या तुळशीवर. दुसऱ्या दिवशी गाडीत एका ओळखीच्या माणसानं मला विचारलं, "भाऊ, गाद्या भरायचा धंदा सुरू केला काय?"

मी सांगायला गेलो की काका, एखादं जुनं पोतं टाका, कुत्रीला तेवढंच पुरतं. झालं! काकांचा अपमान झाला. "तू कागदं खरडनारा मानूस. तुले धाग्यातलं काय समजते?"

मग काकांनी पेटी आपल्या आतल्या खोलीत नेली, समोर काकूंच्या लुगड्याचा पडदा लावला. बाळंतिणीला आडोसा नको का? सरकी दारापर्यंत यायची, उंबऱ्यावर थबकायची आणि मागं फिरायची. काका बिस्किटं घेऊन आत, सरकी बाहेर. एकदा सकाळी मी विसरलेला डबा घ्यायला मागं वळलो तर काकांच्या खोलीतून खरडखरड ऐकू आली. डोकावलो. सदुसष्ट वर्षांचे ग्रेडरकाका पेटीपुढं चार पायांवर होते आणि दोन्ही हातांनी कापूस उकरून सरकीला दाखवत होते. "अशी बस. अशी. कावून भेतं, बाप्पा?" सरकी उंबऱ्याबाहेरून मान वाकडी करून पाहत होती. तिच्या तोंडावर जे होतं तेच माझ्याही तोंडावर असावं.

"काका," मी म्हणालो, "याच उंबऱ्यावरून तुमी तिले रोज हाड हाड करत होते. आता ते आत कशी येईन?"

काका उठले आणि गुडघे झटकले. माझी गाडी मात्र त्या दिवशी चुकता चुकता राहिली.

चौथ्या दिवशी सरकीनं आपली जागा आपणच पसंत केली. कुठं? माझ्या कूलरमध्ये! उन्हाळा संपल्यावर कूलर मागच्या अंगणात उभा असतो, बाजूची एक जाळी काढलेली. बाईसाहेब तिथून आत शिरल्या, उरलेल्या दोन जाळ्यांतलं वाळलेलं गवत ओढून काढलं आणि पत्र्यावर पसरून मस्त ताणून दिली. याच उन्हाळ्यात नवीन भरलेलं गवत होतं हो ते! मी काठी उचलली, तर काका आडवे झाले. आधी आत वाकून पाहिलं, चिमटीत गवत धरलं आणि तोंड कडू केलं. "ह्याले तं धागाच नाई." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "पन आता हलवू नोको तिले. तिनं ठरवलं हाये."

आणि माझ्या घरात काकांचं राज्य सुरू झालं. माझी मोटरसायकल रस्त्यावर, कारण तिच्या आवाजानं सरकी दचकते. कुकरची शिट्टी बंद, सुषमानं डाळ पातेल्यात शिजवायची. अंगणात चप्पल नको. मी आंघोळ करताना गाणं म्हणतो, ते तर अजिबातच नको. कूलरपासून चार हातांवर काकांची प्लास्टिकची खुर्ची, आणि सरकीसाठी गूळ घातलेली लापशी आमच्या स्वयंपाकघरातून. सुषमा तीही मुकाट्यानं करून देत होती. घरची माणसंच फितूर झाली तर बाहेरच्याला काय बोलणार?

तिसऱ्या दिवशी माझा तोल गेला. ऑफिसची पिशवी न्यायला मी अंगणातून जरा लगबगीनं गेलो, तर काकांनी ओठांवर बोट ठेवून मला "शूऽऽ" केलं. माझ्याच घरात!

"काका, हे माझं घर हाये का बाळंतिणीची खोली? एवढी हौस असन तं पुन्याले जा नं! सुनेले दिवस गेले म्हनून गल्लीभर सांगत फिरत होते. तिचं करा बाळंतपण, कुत्रीचं कायले?"

काका खुर्चीतून उठले, खुर्ची उचलली आणि आपल्या दारातून आत गेले. दार हळूच लावून घेतलं.

सुषमा मागं उभी होती. इतक्या वर्षांत ती माझ्याशी त्या आवाजात बोलली नव्हती. "तुमाले काहीच माईत नाई काय? नातू होऊन दोन महिने झाले. ते बॅग भरून बसले होते. मुलानं फोन केला, बाबा, आता नका येऊ, इथं गर्दी होते, नंतर कधीतरी या. दोन महिन्यांत ते नंतर काई आलं नाई."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माणूस रोज दारात दिसतो, रोज आपलं डोकं खातो, आणि त्याला नातू झालेला आपल्याला ठाऊक नसतो. मी त्यांना कधी विचारलंच नव्हतं. गाडीची घाई होती नं!

दोन दिवस काका अंगणात आले नाहीत. तिसऱ्या दिवशी पहाट सरता सरता कूलरमधून बारीक चीं चीं ऐकू आली. मी आणि सुषमा टॉर्च घेऊन धावलो. पाच पिल्लं. पण सरकीनं रात्रभर उकरून उकरून सगळं गवत एका कोपऱ्यात सारलं होतं आणि पिल्लं उघड्या, बर्फासारख्या गार पत्र्यावर वळवळत होती. एक तर नीट हलतही नव्हतं. मी पोतं आत सारलं. सरकीनं दात दाखवले आणि पोतं बाहेर ढकललं. सुषमानं आपली शाल दिली, तीही बाहेर. हात घालायची तर सोयच नव्हती, फाडलाच असता तिनं.

मी काकांचं दार वाजवलं. "काका, तुमी या. मायं चुकलं. पन आता या."

काका आले. कूलरमध्ये वाकून पाहिलं, त्या न हलणाऱ्या पिल्लाकडं जास्त वेळ पाहिलं आणि तसेच परत आत गेले. मला वाटलं, राग गेला नाही. पण ते लगेच बाहेर आले, तर हातात एक इवलीशी गादी होती. दीड हात लांब, मऊ पांढऱ्या मांजरपाटाची, कडेनं हातानं घातलेले टाके. टाके वाकडेतिकडे होते, पण एकही सैल नव्हता.

"काका, हे..."

"नातवासाठी भरली होती. वेचून वेचून कापूस घेतला. सरकीचा एक दाना नाई ठेवला आत, लेकराच्या पाठीले टोचते म्हनून." त्यांनी गादीवरून हात फिरवला. "ते म्हनले, नोका आनू. डॉक्टर कापसाची नाई म्हंते. तिकडं दुसरी घेतली त्याईनं."

ते कूलरसमोर मांडी घालून थंड फरशीवरच बसले. गादी आत सारली नाही. कूलरच्या तोंडाशी नुसती ठेवली आणि हात मागं घेऊन थांबले. सरकी गुरगुरली. मग मान पुढं केली, हुंगलं, आणि बराच वेळ हुंगतच राहिली. माझं लक्ष त्या पिल्लाकडं होतं, काकांचं सरकीकडं. एकाएकी सरकीनं गादीचा कोपरा दातांत धरला आणि गादी आत ओढली. मग एकेक पिल्लू उचलून तिच्यावर आणून ठेवलं. ते मलूल पिल्लू शेवटी. त्याला तिनं पोटाशी घेऊन चाटायला सुरुवात केली, आणि थोड्या वेळानं त्यानं पाय झाडला.

"घेतली," काका म्हणाले. "सुषमा, पाहिलं नं? घेतली तिनं."

सुषमा चहा ठेवायला आत गेली. माझ्या गाडीची वेळ टळून गेली होती. मी खांद्यावरची पिशवी काढली, काकांच्या शेजारी फरशीवर बसलो आणि विचारलं, "काका, नातवाचं नाव काय ठेवलं?"