चौथ्या भिंतीचा रंग

रंगाऱ्याने डबा उलटा करून दाखवला. "साहेब, तीन भिंतींतच संपला. चौथीला आणावा लागेल."

साहेबांना जन्मापासून एकही रंग दिसत नव्हता. सगळं राखाडी, काही फिकं, काही गडद. म्हणून तर बायकोने बहिणीकडे जाताना रंगाच्या नमुन्याच्या चिठ्ठीमागे त्या छटेचा नंबर लिहून दिला होता. "नाहीतर मी आल्यावरच बघू," असंही म्हणाली होती. त्यावर वीस वर्षांच्या संसारात त्याने पहिल्यांदा आवाज चढवला, "एवढं एक काम तरी माझ्यावर सोड!"

त्या चिठ्ठीला रंगाऱ्याने ब्रश पुसला होता. नंबर गेला, नखाएवढा रंग उरला. बायकोला फोन करावा, तर नाक कापलं जाणार. दुकानात तो तुकडा कॅटलॉगवर सरकवत त्याने अर्धा तास डोळे बारीक केले आणि बोट ठेवलं. "हाच. तंतोतंत." दुकानदार फोनवर बोलत होता, त्याने बोट पाहिलं, तुकडा पाहिला नाही.

चारला भिंत झाली. शेजारच्या काकू डोकावल्या. "अगंबाई! तीन निळ्या नि एक गुलाबी? धाडसी आहात हो!"

तो रंगाऱ्याकडे वळला. "अहो, तुम्ही बोलला का नाहीत?"

"हल्ली लोक एक भिंत वेगळी ठेवतात," रंगारी हात पुसत म्हणाला. "गेल्या महिन्यात एकाने काळी करून घेतली. मी बोलायचं सोडून दिलंय." आणि तो गेला. खोलीतला दिवा त्याने कामासाठी उतरवला होता, तो परत लावायचं राहूनच गेलं.

बायको सातला आली, प्रवासाने आंबलेली. अंधारून आलं होतं. पलंगावरच्या वर्तमानपत्रांवरच ती बसली आणि चारही भिंती पाहिल्या.

"छान झालंय की. अगदी सारख्या."

गप्प बसता आलं असतं. पण गप्प बसायचाही त्याला कंटाळा आला होता. "चौथी गुलाबी आहे. काकू म्हणाल्या."

तिने डोळे ताणले. "मला तर सगळंच राखाडी दिसतंय." मग त्याच्याकडे वळून, "तुला रोज असंच दिसतं?"

"असंच."

"आणि वीस वर्षं मी विचारतेय, हा रंग बरा की तो!"

"मी खरंच सांगायचो. दोन्ही बरे."

ती हसली, मग तिचे डोळे भरून आले. "राहू दे तशीच. परत तो रंगारी नको बाई."

"बोलवावाच लागेल. खिडकीखाली फिकं राहिलंय, त्याने दुसरा हात मारलेलाच नाही."

"कुठे?" ती उठून भिंतीला नाक लावून आली. तिला काहीच दिसलं नाही.

"मग उद्या तूच उभा राहून करून घे," ती चपला काढत म्हणाली. "मला काही कळत नाही त्यातलं."