शुद्ध, नैसर्गिक आणि सुवासिक रंगराव

एका जंगलात, बाळांनो, अकलेखेरीज कशाचीच टंचाई नव्हती. पाणी होतं, गवत होतं, आणि गोचीड तर मोप होते.

त्या जंगलात रंगराव नावाचं एक सांबर राहायचं. शिंगं ऐटदार, चाल डौलदार. पण कानांमागे आणि शेपटीच्या मुळाशी गोचीड इतके, की चारचौघांत झाडाला अंग घासावं लागायचं. रंगरावांना गोचिडांपेक्षा ते घासणंच जास्त झोंबायचं.

रोज सकाळी गोदाक्का साळुंकी त्यांच्या पाठीवर बसून गोचीड टिपायची. तिची न्याहारी व्हायची, यांची खाज कमी व्हायची. उपकार कोणाचेच कोणावर नव्हते.

"गोदाक्का, जरा हळू टोचा. लोक बघतात," रंगराव कुजबुजायचे.

"मग लोकांना म्हणावं, तुम्ही खा!"

एके दिवशी तिथे डॉक्टर उदमांजर आले. पलीकडच्या जंगलातून काहीतरी शिकून आले होते. काय, ते कोणी विचारलं नाही. त्यांनी वडाखाली शिबिर भरवलं. पुढ्यात बांबूची नळकांडी मांडली. आत गवती चहा, निलगिरी आणि लवंगेचं तेल.

"मित्रहो, हे रसायन नव्हे," डॉक्टर म्हणाले. "हे निसर्गाचं दान आहे. याच्या वासानं गोचीड पळतो. आणि अपाय? शून्य! कारण हे नैसर्गिक आहे."

"गोचीडही नैसर्गिकच की," फांदीवरून गोदाक्का म्हणाली. "नागाचं विषसुद्धा. किती थेंब लावायचे आणि कशात मिसळून, तेवढं सांगा."

डॉक्टर मंद हसले. "ज्यांची न्याहारी बुडणार, त्यांनाच अशा शंका येतात."

सभा खो-खो हसली. सगळ्यांत मोठ्यानं रंगराव हसले. टोपलीभर जांभळं देऊन त्यांनी नळकांडं घेतलं आणि तिथल्या तिथे सगळं अंगावर ओतलं.

आणि काय सांगू, गोचीड खरंच गळले! रंगराव दुपारभर कुठेही न घासता हिंडले. मुद्दाम एकेकाच्या जवळून हिंडले. "एकही उरला नाही हो," असं न विचारता सांगत सुटले.

संध्याकाळपर्यंत तेल उडून गेलं. सकाळी उठले, तर गवतातले नवे गोचीड अंगावर हजर.

"मात्रा वाढवा," डॉक्टर म्हणाले.

मात्रा वाढली. कातडी भाजल्यासारखी लाल झाली. पाठीवरचे केस झडले.

"अंगातलं विष बाहेर पडतंय. शुभलक्षण आहे," डॉक्टर म्हणाले. रंगरावांनी ते शुभलक्षण घरी जाऊन बायकोला कौतुकानं दाखवलं.

"अहो, मला तुमच्याजवळ उभं राहवत नाही," चंपाबाई म्हणाल्या. "डोळ्यांतून पाणी येतं."

"सवय होईल. नैसर्गिक आहे."

गोदाक्कानं एकदा पाठीवर बसून पाहिलं. पाय पोळले तशी उडाली. "मी चालले गव्याकडे," ती म्हणाली. "तो अजून शिबिराला गेलेला नाही."

आता रंगरावांना खाजही होती आणि आगही. समोर साजाच्या झाडाचं छान खरखरीत खोड होतं. पण घासायचं कसं? सगळ्या जंगलाला सांगून बसले होते ना! दात आवळून ते उभे राहायचे, आणि कोणी दिसलं की हसायचे. कोणी नसलं की आणखी तेल लावायचे.

त्याच जंगलात एक म्हातारा वाघ होता. एका डोळ्यानं अधू, कानांनी मंद. कितीतरी दिवसांत त्याला धड शिकार मिळाली नव्हती. तो उपाशी पडला असताना वाऱ्यावरून गवती चहाचा घमघमाट आला. वाघ उठला. नाकासमोर चालत राहिला.

एरवी वाघाचा दर्प रंगरावांना पार ओढ्यापलीकडून कळायचा. पण आता नाकात फक्त लवंग होती.

दुसऱ्या दिवशी शोकसभा झाली. अध्यक्षस्थानी अर्थातच डॉक्टर. उरलेली शिंगं आणि खूर त्यांनी उलटेपालटे करून तपासले आणि गहिवरून म्हणाले, "पाहा! एक तरी गोचीड दिसतोय?"

कोणालाच दिसला नाही. टाळ्यांचा कडकडाट झाला.

"पण वाघ?" चंपाबाईंनी हुंदका आवरत विचारलं.

"बाई, वाघ कीटकांत मोडत नाही. त्याची हमी आम्ही दिलीच नव्हती."

चंपाबाईंनी विचार केला. बोलणं पटण्यासारखं होतं. त्यांनी डोळे पुसले, पाडसाला पुढे ओढलं आणि विचारलं, "लहान मुलांसाठी छोटं नळकांडं मिळेल का हो?"

तात्पर्य : उपाय नैसर्गिक असला की शंका काढू नये. वाघानं खाणं हेही नैसर्गिकच आहे, आणि त्यानं अपाय झाल्याची तक्रार आजवर खाल्ल्या गेलेल्या एकाही सांबरानं केलेली नाही.