एकोणीस जणांचा ताप

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी मास्तर हजेरीपट मांडीवर घेऊन बसले आणि त्यांनी वर्गातली एकोणीस मुलं एका बैठकीत आजारी पाडली. बेचाळीसपैकी तेवीसच इन्स्पेक्टरसाहेबांपुढे टिकणारी होती. उरलेली, सात अठ्ठे किती असं विचारलं की छताकडे पाहत. आजारी मूल निकालात धरायचं नाही असा सरकारी नियम होता. नियम करणाऱ्याला दया मुलांची आली होती, उपयोग मास्तरमंडळींना झाला. परीक्षेच्या दिवशी प्रत्येक शाळेत चारदोन मुलं आजारी पडायचीच. पण आमचे मास्तर अकरा वर्षं हंगामी होते आणि यंदा निकाल चांगला लागला तर कायम होणार होते, म्हणून त्यांनी हात जरा सैल सोडला.

पहिल्या नावापुढे त्यांनी ‘ताप’ लिहिलं आणि खाली अठरा वेळा ‘वरीलप्रमाणे’.

बायकोने वाकून पाहिलं. "अहो, एकोणीस जणांना एकच ताप? दोघातिघांचे पाय तरी मोडा."

"खोटं लिहायचं ते लिहायचं, वर आणि तिखटमीठ कशाला लावायचं?" मास्तर म्हणाले. मुळात माणूस प्रामाणिक होता, तिथेच घात झाला.

परीक्षा दृष्ट लागण्यासारखी झाली. तेवीस मुलांना वाचनाचं पुस्तक इतकं पाठ होतं, की साहेब "पुरे" म्हणाले तरी धडा संपेपर्यंत ती थांबत नव्हती. साहेब म्हातारे आणि कामाला चोख. त्यांनी शेवटी हजेरीपट ओढून घेतला आणि चष्मा पुसला.

"मास्तर, एकोणीस जण तापाने आजारी?"

"हो, साहेब."

"कधीपासून?"

"परवा एक पडला. मग बाकीचे."

"म्हणजे पसरतोय."

खरं बोलायला हीच वेळ होती. मास्तर म्हणाले, "तसंच दिसतंय, साहेब."

साहेबांनी मास्तरांकडे मोठ्या आदराने पाहिलं आणि निघताना आरोग्य खात्याला तार केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर चार शिपाई घेऊन हजर झाला. मास्तर त्याच्या पुढे गल्लीबोळांतून धावत सुटले. "पोराला झोपवा, पांघरूण घाला, कण्हायला सांगा," असं दारोदार सांगून त्यांचा जीव मेटाकुटीला आला. डॉक्टरने एकोणीस जणांना थर्मामीटर लावला. ताप कुणालाच निघाला नाही.

मास्तरांना वाटलं, सुटलो.

"एका दिवसात उतरलेला ताप," डॉक्टर गंभीर होऊन म्हणाला. "हा फार वाईट. उलटला की माणूस हाती लागत नाही."

शाळेला चाळीस दिवसांचं कुलूप लागलं. एकोणीस घरांतल्या गाद्या, पांघरुणं, कपडे, सगळं चौकात आणून जाळलं. त्यांतलं एक घर धोबिणीचं. तिच्याकडे लोकांच्या कपड्यांची अकरा गाठोडी होती.

संध्याकाळी ती मास्तरांच्या दारात येऊन उभी राहिली. आरडाओरडा केला असता तर मास्तरांना बरं वाटलं असतं.

"मास्तर, माझ्या पोराला काय झालं होतं?"

मास्तर तिला बसायला पाट आणायला उठले.

"त्याला यायचं होतं हो परीक्षेला. सकाळी केस विंचरून बसला होता. तुमचा निरोप आला म्हणून मी ठेवला घरी. आता लोकांना काय तोंड दाखवू?"

उत्तराची वाट न पाहता ती निघून गेली. मास्तरांना स्वतःची अशी लाज आयुष्यात वाटली नव्हती. त्याच रात्री त्यांनी साहेबांना सगळं खरं लिहून काढलं, खाली सही केली, आणि पाकीट दोन दिवस खिशात घेऊन फिरले. टपालाची पेटी कोपऱ्यावरच होती.

तिसऱ्या दिवशी शिक्षण खात्याचा शिपाई हुकूम घेऊन आला. मास्तरांनी तो बायकोला वाचून दाखवला. हजर विद्यार्थ्यांचा निकाल शंभर टक्के. साथ भर जोरात असताना जिवाची पर्वा न करता अध्यापन चालू ठेवल्याबद्दल मास्तरांना कायम करण्यात येत होतं.

"झालात एकदाचे," बायको डोळे पुसत म्हणाली. "पुढे काय लिहिलंय?"

पुढे लिहिलं होतं, की नदीपलीकडच्या शाळेतले तीन शिक्षक सहा महिन्यांत तापाने दगावल्यामुळे तिथे साथीचा अनुभव असलेला माणूस हवा आहे. मास्तरांनी आठ दिवसांत रुजू व्हावे.

बायकोने डोळ्यांवरचा पदर काढला. "अहो, मग सांगा ना त्यांना, इथे साथबीथ काही नव्हती म्हणून."

"सांगितलं तर नोकरी जाईल. कदाचित तुरुंगही."

"आणि गेलात तर?"

मास्तरांनी सही करून पोचपावती शिपायाच्या हातात दिली. तरी तो उंबऱ्यावरून हलेना. कायम झाल्याचा हुकूम आणला की लोक खुशीने हातावर काहीतरी ठेवतात, असं त्याने हसत हसत सांगितलं. आधीच्या तिघांनीही ठेवलं होतं.