काय चुकलं ते सांगा

माणिकअण्णांच्या खानावळीत जेवून तुम्ही "वा, झकास" म्हणालात, की अण्णांचा चेहरा पडलाच म्हणून समजा. पोटभर जेवा, बोटं चाटा, तिसरी भाकरी मागून घ्या, पण स्तुती करू नका. मला हे कुणी आधी सांगितलं नव्हतं.

मी तेव्हा उदगीरहून बीदरच्या मराठी शाळेत नवा मास्तर म्हणून आलो होतो. गावात मनासारखी खोली मिळेना म्हणून बाहेर मैलूरला बिऱ्हाड केलं. मैलूर म्हणजे त्या वेळी शेतं, थोडी घरं आणि रस्त्याच्या कडेला अण्णांची पत्र्याची खानावळ. खानावळीला ना पाटी, ना नाव. पहिल्याच दुपारी मी तिथं गेलो, तर अण्णांनी माझ्या ताटाभोवती चिमटीनं रांगोळीची रेघ ओढली, वर तुपाची धार धरली. ज्वारीची गरम भाकरी, वांग्याची भाजी आणि वरण. मी मनापासून म्हणालो, "अण्णा, जेवण फार छान झालं."

हातात पळी घेऊन ते माझ्यासमोर उकिडवे बसले होते. "व्हय का," एवढंच म्हणाले, आणखी थोडं तूप वाढलं आणि उठून आत गेले. मला वाटलं, स्वारी खूष झाली. शेजारच्या पाटावरचे गृहस्थ माझ्याकडं वळून हळहळत म्हणाले, "क्या मास्टर, पहले ही दिन नाम कटा लिए?"

हे मुन्शीजी. कचेरीत होते. हैदराबादचे कायस्थ, उर्दू कागद वाचण्यात आयुष्य गेलेलं. त्यांनीच मला अण्णांचा कायदा समजावून दिला. अण्णांच्या लेखी जेवणारे दोनच प्रकारचे, पाव्हणे आणि घरचे. स्तुती करणारा पाव्हणाच राहायचा. पाव्हण्याला रांगोळी, पाव्हण्याला तूप, आणि पाव्हण्याला काही विचारायचं नाही. घरच्याला रांगोळी नाही, तूप मागितलं तर मिळेल, पण जेवण संपत आलं की समोर बसून एकच प्रश्न, "काय चुकलं ते सांगा."

आता चुकलेलं शोधायचं कुठून? मी चार दिवस तूप खात राहिलो. (तक्रार नव्हती, तूप चांगलं होतं.) पण बाकीच्यांना प्रश्न आणि मला तूप, हे शेवटी मनाला लागलं. पाचव्या दिवशी मी धीर करून म्हणालो, "अण्णा, फोडणीत हिंग जरा जास्त झाला." अण्णा गुडघ्यावर हात टेकून पुढं सरकले. "जास्त म्हंजे? नाकाला की जिभेला?" मी म्हणालो, "नाकाला." दुसऱ्या दिवशी माझ्या ताटाभोवतीची रांगोळी गेली होती.

ठेंगणी मूर्ती, डोक्यावर चकचकीत टक्कल, खांद्यावर पंचा, आणि बोलताना भिवया वर. अण्णा मूळचे हुलसूरचे. लग्न केलेलं नव्हतं. का, ते विचारायची आमची प्राज्ञा नव्हती. त्यांनी स्वयंपाक करताना तो कधी चाखला नाही. चुलीमागच्या कोनाड्यात खंडोबाचा टाक होता, त्याला नैवेद्य दाखवल्याशिवाय कशालाही जीभ लावायची नाही, ही घराण्याची रीत. हे ठीकच. पुष्कळ घरांत आहे. पण अण्णांनी ती रीत पुढं ओढून नेली होती. नैवेद्यानंतरही ते वरणाला शिवत नसत. सगळे उठून गेले की भाकरी, ठेचा आणि ताक, असं उभ्या उभ्या आटपत.

"कामून ओ अण्णा?" मी एकदा विचारलं.

"आपल्या हातचं आपल्याला गोडच लागतंय, मास्तर. एकदा का मला गोड लागलं, की तुमी सांगितल्यालं माझ्या कानात शिरायचं न्हाई."

आणि सांगणारे कमी नव्हते. खानावळीत येणारे-जाणारे पुष्कळ, पण रोजचे घरचे आम्ही चौघं. मुन्शीजींना वरणात चिंच हवी, दात आंबेपर्यंत. रस्त्याच्या खात्यातले ओव्हरसियर व्यंकटराव तेलंगणातले. डोळ्यांतून पाणी आल्याशिवाय त्यांना जेवल्यासारखं वाटत नसे. जमीनमोजणीच्या बंदोबस्त खात्यातले देशपांडे लातूरकडचे, त्यांना गुळाचा खडा पाहिजे. आणि चौथा मी, बेताच्या हिंगवाला.

अण्णा कुणाला नाही म्हणत नसत. आज देशपांड्यांनी गूळ कमी म्हटलं की उद्या वरण गोड. मग मुन्शीजी पहिल्या घासाला थांबायचे. वाटीत बघायचे. "अण्णा, ये दाल है के शरबत?" परवा चिंच वाढायची. मग व्यंकटराव कपाळाला हात लावायचे. "अय्यो, हे आजाऱ्याचं जेवन हाय काय?" तेरवा तिखटाचा आगडोंब. मग देशपांडे पाण्याचा तांब्या तोंडाला लावून अण्णांकडं नुसते बघत राहायचे. त्या काळी हैदराबादेत राज्यकर्ते भराभर बदलत होते; निजाम गेला, लष्कर आलं, मग मंत्री आले. मैलूरला त्याहून वेगानं बदलत होते. वास आला की आम्ही रस्त्यावरूनच ओळखत असू, आज कुणाचं सरकार आहे ते.

जो सत्तेवर असे तो मुकाट्यानं जेवे आणि बाकीचे तिघं भांडत. तुमच्या मुलखात डाळ शिजवायची अक्कल नाही इथपासून सुरुवात व्हायची आणि गाडी कुणाच्या आजीच्या हाताला चव होती इथपर्यंत जायची. अण्णा पळी घेऊन मधोमध बसलेले, एकदा याच्याकडं, एकदा त्याच्याकडं बघत. गाणं ऐकावं तसे ते आमची भांडणं ऐकत.

एकदा आम्ही चौघांनी ठरवून बेइमानी केली. मोटार स्टँडजवळ मेज-खुर्चीवर जेवायचं नवं हॉटेल निघालं होतं, तिथं गेलो. जेवण झालं. कुणी काही विचारलं नाही. व्यंकटरावांना राहवेना. त्यांनी मालकाला बोलावून सांगितलं, "डाळ अळणी हाय." मालक म्हणाला, "आवडत नसलं तर येऊ नका." आम्ही खाली मान घालून बाहेर पडलो.

मैलूरला बातमी आमच्या आधी पोचली होती. आम्हाला वाटलं, अण्णा रागावतील. ते रागावले, पण आमच्यावर नाही.

"सांगितल्यालं ऐकून घीना? असा कसा हॉटेलवाला?" त्यांच्या भिवया पार टकलाला भिडल्या. मग आवाज खाली आणून, धंद्यातल्या माणसाच्या उत्सुकतेनं विचारलं, "आनि काय काय चुकलं होतं?"

वर्षातून एकदा अण्णा हुलसूरला भावाकडं जात. आठ दिवस येणार नाही म्हणून सांगून जायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीचा धूर दिसायचा. एका वर्षी मी छेडलं, "काय अण्णा, भावजयीनं हाकललं का?"

"न्हाई हो. लई चांगली हाय बिचारी." ते भाकरी थापत होते. थापता थापता म्हणाले, "ताटाभवती रांगोळी काढती. पुरनपोळी करती. पोरं लांबूनच बघतेत. मी म्हनलं, अगं आमटी जरा पानचट झाली, तर ती रडाया लागली. भाऊ म्हनला, दादा, पाव्हन्यानं असं बोलू नये." भाकरी तव्यावर गेली. "ज्या घरात जन्मलो त्या घरात रांगोळी, मास्तर. आता बोला."

मी हिंगाबद्दल काहीतरी बोललो.

मग राज्याची वाटणी ठरली. हैदराबाद राज्याचे तीन तुकडे, भाषेप्रमाणं. बीदर म्हैसुराकडं, आणि माझं उदगीर, जे कालपर्यंत बीदर जिल्ह्यातच होतं, ते जागचं न हलता मुंबई राज्यात गेलं. कचेऱ्यांत आनंद होता, गडबड होती. आम्हीही खुशीत होतो. मला उदगीरची शाळा मिळाली, घरचीच. देशपांडे औरंगाबादला निघाले. मुन्शीजी आणि व्यंकटराव हैदराबादला. एका पंगतीतली चार माणसं चार वाटांनी नाही तरी तीन वाटांनी जाणार होती. खानावळीत हा विषय निघाला की अण्णा उठून सरपण बघायला जात.

शेवटच्या रविवारी अण्णांनी चौघांना दुपारचं जेवायला बोलावलं. बोलावलं, म्हणजे निरोप पाठवला. इतक्या वर्षांत असा निरोप कधी आला नव्हता. आम्ही गेलो, आणि दारातच थबकलो.

चारही ताटांभोवती रांगोळी होती. नुसती रेघ नाही, कोपऱ्यांवर फुलं.

बसलो. अण्णांनी तूप वाढलं. आणि प्रत्येकापुढं वरणाची वेगळी वाटी ठेवली. मी पहिला घास घेतला. हिंग अगदी मला हवा तेवढा, नाकाला न झोंबणारा. शेजारी मुन्शीजींनी डोळे मिटले. त्यांची वाटी आंबट होती. व्यंकटरावांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, तिखटानं. देशपांड्यांच्या वाटीच्या तळाशी न विरघळलेला गूळ दिसत होता. सगळ्या वर्षांच्या तक्रारी त्या माणसानं त्या दिवशी एकदम मिटवल्या होत्या. चार चुलाणांवर चार भांडी घेऊन तो पहाटेपासून खपला असणार.

जेवण इतकं चांगलं मी क्वचित जेवलो आहे, आणि इतकं मुकाट्यानं तर कधीच नाही. भांडणार कशावरून? ताटात भाकरी मोडल्याचा तेवढा आवाज येत होता.

अण्णा पळी घेऊन समोर बसले. सवयीनं बोलून गेले, "काय चुकलं ते सांगा."

मुन्शीजी म्हणाले, "कुछ नहीं अण्णा. सब बराबर."

देशपांडे म्हणाले, "उत्तम. अगदी उत्तम."

मी म्हणालो, "फार छान झालं अण्णा." पहिल्या दिवशी म्हणालो होतो तेच, त्याच शब्दांत. बोललो आणि जीभ चावली.

अण्णांनी मान हलवली. "व्हय का," म्हणाले. त्यांनी स्वतःच आम्हाला पाव्हणे केलं होतं आणि आता ते त्यांना सोसत नव्हतं. पळी खाली ठेवून ते उठायला लागले. त्यांचे गुडघे मला त्या दिवशी प्रथमच म्हातारे दिसले.

तेवढ्यात व्यंकटरावांनी डाव्या तळव्यानं आपल्या ताटाभोवतीची रांगोळी एका हिसक्यात पुसून टाकली.

"चुकलं की! लई चुकलं!" ते ओरडले. "चार वाट्या कामून केलाव? ह्या देशपांड्याला गूळ मिळाला, तर मी शिव्या कुनाला देऊ? आमी काय सोयरे हाव काय? एक भांडं आना हितं. आना म्हनतो!"

अण्णा बघतच राहिले. मग आत गेले आणि मोठं पातेलं घेऊन आले. व्यंकटरावांनी चारही भांड्यांतलं वरण त्यात ओतायला लावलं. चिंच, गूळ, मिरची, हिंग, सगळं एक झालं. अण्णांनी ते ढवळलं आणि एकेकाला वाढलं.

देवाशपथ सांगतो, इतकं भयंकर वरण मी जन्मात खाल्लं नाही. मुन्शीजींनी "तोबा" म्हणून कानाला हात लावला. देशपांडे म्हणाले, हे तेलंगणाचं पाप आहे. व्यंकटराव म्हणाले, गूळ घालणाऱ्याला तुरुंगात टाकलं पाहिजे. मी हिंगाची बाजू घेतली, ती कुणी ऐकली नाही. आम्ही असे भांडलो की रस्त्यावरचा गाडीवान बैल थांबवून आत डोकावला. रांगोळ्या कुणाच्या हातानं, कुणाच्या गुडघ्यानं पुसल्या गेल्या ते कळलंसुद्धा नाही.

अण्णा मधोमध बसून ऐकत होते. मग त्यांनी कधी न केलेली गोष्ट केली. एक ताट ओढलं, आमच्या रांगेत मांडी घालून बसले, आणि भाकरीचा तुकडा त्या वरणात बुडवून तोंडात टाकला. ते सावकाश चावत होते, भिवया वर करून.

"अण्णा," मी म्हणालो, "काय चुकलं ते सांगा."

"मीठ," अण्णा म्हणाले. "मीठ कमी हाय. तुमच्यापैकी कुनाच्या ध्यानात आलं न्हाई." त्यांनी दुसरा घास घेतला. "उद्यापासनं मलाच खाऊन मलाच सांगायचंय न्हवं. म्हनून बघायलो, जमतंय का."

मुन्शीजींनी मिठाचं भांडं त्यांच्यापुढं सरकवलं, पळी उचलली आणि त्यांच्या ताटात आणखी वरण वाढलं.