गाद्यांच्या पोटातली शाहीन

लातूरच्या गोलाई चौकामागे आमची गल्ली आहे. तिथे रोज दुपारी एक ते तीन गाद्या बोलतात.

नवा माणूस दचकतोच. हमीदभाईंच्या गादीच्या दुकानाचं शटर अर्धं खाली असतं, आत चिटपाखरू दिसत नाही आणि छतापर्यंत रचलेल्या गाद्यांच्या पोटातून एक मुलगी कुणाला तरी भराभर दम देत असते. कधी टँकरवाल्याला, कधी क्लासवाल्यांना, कधी मेसमधल्या पातळ वरणाला. मग मध्येच थांबून स्वतःलाच म्हणते, "तालात हाय!"

ही शाहीन, हमीदभाईंची एकुलती एक मुलगी. आई लहानपणीच गेली, बापाने कापसात वाढवली. आता ती रॅप करते आणि इंटरनेटवर तिचं नाव, रॅपवाल्यांच्या पद्धतीप्रमाणे, 'एम.सी. रजई' आहे. आमच्या सौभाग्यवतींना बरेच दिवस एम.सी. ही डिग्रीच वाटायची. "एम.ए. झालं, एम.कॉम. झालं, आता हे नवीन निघालंय," असं त्यांनी उदगीरच्या बहिणीला फोनवर सांगितलंही होतं.

गाद्यांच्या ढिगात तिने माणूसभर मोकळी जागा ठेवली आहे. तिन्ही बाजूंना गाद्या, डोक्यावर रजया, समोर माईक. तोच तिचा स्टुडिओ. "काका, कापूस समदा आवाज गिळतो," ती मला म्हणाली, "बाहेर घोडं खिंकाळलं तरी आत ऐकू येत न्हाई." फक्त वडील जेवायला आणि नमाजाला जातात तेवढ्याच वेळात गायचं, कारण एरवी कापूस पिंजायची मशीन चालू असते आणि त्या मशीनपुढे कापसाचंही काही चालत नाही.

तिचा अवतार सांगायला हवा. हमीदभाईंनी उरलेल्या चिंध्यांतून तिला एक कोट शिवून दिला आहे, आत कापूस भरलेला. लाल, पिवळी, हिरवी फुलं. तो ती लातूरच्या मे महिन्यातसुद्धा घालते. घामाच्या धारा लागलेल्या असतात, पण कोट काढत नाही. "काका, कंपनीवाले शर्टावर आपलं नाव छापतेत. मी आमचं दुकानच अंगावर घेतलंय."

तालाचं तर वेडच. दूधवाल्याची बेल, टाकीत पडणारं पाणी, बायकांची नळावरची बाचाबाची, सगळं ती मोबाईलमध्ये भरून ठेवते. हमीदभाई चिडून ओरडले की ही म्हणते, "अब्बा, एक बार फिरसे बोलो, तालात था." माझ्या घोरण्याचाही तिने अभ्यास केला आहे. भिंतीला भिंत लागून असल्याचा हा परिणाम. "लई भारी घोरताव, काका. फक्त तिसऱ्या ठोक्याला अडकताव."

एकदा शेजारच्या काकूंनी विचारलं, "अगं, तू गाणं म्हणायलीस का भांडायलीस?"

"भांडण तालात केलं की गाणं होतंय, काकू."

आणि कोटाच्या बाह्या सावरून तिथेच सुरू:

"डाळ भरडली मायनं, तूर गेली पुण्याला,
आमच्या ताटात वरण दिसं दिवाळीच्या सणाला!"

काकू डाळमिलमध्ये कामाला जातात. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि म्हणाल्या, "परत म्हण."

मुंबईहून एका माणसाचा फोन आला होता. गाणी आम्ही काढू म्हणाला, पण हिंदीत लिहायचं, आणि रजई हे काय नाव आहे, काहीतरी चमकदार घ्या. शाहीनने शांतपणे ऐकून घेतलं. "साहेब, आमच्याकडं गिऱ्हाईक कापूस बघून घेतंय, खोळ बघून न्हाई," म्हणाली आणि फोन ठेवला. तेव्हापासून गाणं लिहिणं, बीट बनवणं, व्हिडिओ काढणं आणि व्हिडिओखालच्या शिव्या वाचणं ही सगळी कामं ती एकटीच करते.

आता यात मी कुठून आलो? मी कांबळे. एस.टी.त तीस वर्षं कंडक्टर होतो. निवृत्त झाल्यावर पहिल्याच आठवड्यात शाहीन वही घेऊन दारात उभी. "काका, तुम्ही सगळे थांबे एका दमात म्हणायचाव ना? तो दम मला शिकवा."

तीस वर्षांत प्रवाशांनी माझ्याकडे सुट्टे मागितले, खिडकीची जागा मागितली, पण विद्या कुणीच मागितली नव्हती. मी खाकी चढवली नाही एवढंच. छाती भरून घेतली आणि सोडलं, "चाकूर-शिरूर ताजबंद-अहमदपूर-माळाकोळी-लोहा-सोनखेड-नांदेड, चला वर चढा, मागं सरका, पायरीवर कोण हाय!" तिने मोबाईलवर वेळ लावली होती. महिन्याभरात पोरगी माझ्या पुढे गेली. तेच थांबे एका गाण्यात घातले आणि गाण्याखाली लिहिलं, 'श्वास : कांबळेकाका.' नातेवाइकांना मी अजून ते दाखवतो. मागितलं नाही तरी दाखवतो.

तर, या फेब्रुवारीत तिला नांदेडच्या एका कॉलेजच्या गॅदरिंगचं बोलावणं आलं. पहिलंच मोठं स्टेज. हमीदभाईंनी तिचं एकही गाणं कधी ऐकलं नव्हतं, निदान तसं म्हणायचे. "वो उसका बडबड," एवढंच त्यांचं मत. पण परवानगी दिली. "कांबळेसाहेब संग असतील तर जा. अंधार पडायच्या आत घरी."

सकाळी निघायच्या वेळी मी दुकानात गेलो तर शाहीन गाद्यांवर आडवी होऊन काहीतरी चाचपत होती. पेनड्राइव्ह सापडत नव्हता. आवाज नसलेल्या नुसत्या बीट आणि अजून बाहेर न काढलेली पाच नवी गाणी, सगळं त्यातच. घरचा कॉम्प्युटर दिवाळीतच बंद पडला होता, दुसरीकडे कॉपी नाही. आदल्या दुपारी तिने तो पिंजलेल्या कापसावर ठेवला होता. आणि आदल्या दुपारी त्याच कापसाची हमीदभाईंनी एका नवरीसाठी रजई भरली होती. रजई संध्याकाळीच कंधारला गेली होती.

तेवढ्यात हमीदभाई आत आले. "क्या हुआ?"

"कुछ नहीं अब्बा. मिल गया," ती हसत म्हणाली आणि रिकामी मूठ कोटाच्या खिशात घातली.

बसमध्ये बसल्याबरोबर मी डोकं चालवलं. शेवटी रूटचा माणूस. "लोह्याला उतरू. तिथनं कंधार कितीसं? चार बोटं रजई उसवायची, काम फत्ते. बाराच्या आत नांदेडात."

"न्हाई काका. नवरीची रजई उसवत नसतेत. अपशकुन होतोय."

असा काही रिवाज मी ऐकला नव्हता, पण गादीवाल्यांचं गादीवाल्यांना माहीत. लोह्याला गाडी दहा मिनिटं थांबली, तेवढा वेळ ती खिडकीतून कंधारच्या फाट्याकडे बघत होती.

नांदेडला हजारभर पोरं होती. माईकवाल्याने विचारलं, "ताई, ट्रॅक?" शाहीनने माझ्या शर्टाच्या खिशाकडे बोट दाखवलं.

माझ्या खिशात पंच असतो. तिकिटाचा. निवृत्तीच्या दिवशी डेपोतल्या पोरांनी दिलेला जुना, दात झिजलेला. सवयीने जवळ ठेवतो.

"काका, दांडीवर वाजवायचाव तसं वाजवा."

"अगं, मी—"

"तुमच्या बसला तीस वर्षं लोक डोलले का न्हाई?"

डोलले होते, पण ते रस्त्यामुळे. तरी मी स्टेजवर गेलो. काही सुचेना तेव्हा हाताने आपोआप डबल बेल दिली, टक टक, आणि पोरगी सुटलीच.

"नाव माझं रजई, पर झोपवाया न्हाई आले,
गोलाईच्या गल्लीतून उठवाया आले!"

पोरांनी खुर्च्या बडवायला घेतल्या. मी दोनदा ताल चुकलो, पण खुर्च्यांनी सांभाळून घेतलं. शेवटी थांब्यांचं गाणं आलं. चाकूर, शिरूर ताजबंद, अहमदपूर, माळाकोळी, लोहा... आणि लोह्याला तिचा दम तुटला. एवढ्या तालमीत एकदाही तुटला नव्हता. पुढच्या रांगेतली एक मुलगी ओरडली, "सोनखेड!" आणि अख्खं मैदान, "नांदेड!" मी म्हाताऱ्याने स्टेजवर डोळे पुसले, त्याचाही व्हिडिओ इंटरनेटवर आहे.

परतीच्या बसमध्ये लोह्याचा स्टँड मागे गेला तेव्हा ती बोलली.

"काका, तसा काही रिवाज बिवाज न्हाई."

"मग का नाही गेलो?"

"अब्बाला दोन वर्षं झाली, नीट दिसंना गेलंय. सुई मीच ओवून ठेवते, रात्रीच, म्हंजी त्यांना वाटतंय काल त्यांनीच ओवलेली हाय. आपण कंधारला गेलो असतो तर त्या लोकांनी फोन केला असता. हमीदभाई, रजईत काय भरलाव? मग त्यांनी सुई खालीच ठेवली असती, काका. कायमची. गाणी काय, परत करता येतेत."

तिने कोटाची बाही उलटी केली, आतले टाके दाखवले. वाकडेतिकडे, लांब-आखूड. मी इतके दिवस ती फॅशन समजत होतो.

अशा मुलीचं काय करावं ते मला कळेना.

आठवड्याने हमीदभाई माझ्या ओट्यावर येऊन बसले. इकडचं तिकडचं झालं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "कांबळेसाहेब, त्या दिवशी रजई भरताना बोटाला टणक लागलं होतं. मला सरकी वाटली. फोन आला परवा कंधारहून, रजईत काहीतरी टोचतंय म्हणून. मी म्हणलो, राहू द्या, आता उसवू नका. पोरीला सांगू नका, तिची वस्तू माझ्या हातनं रजईत गेली ते मला माहीत न्हाई असं तिला वाटतंय." मग हळूच विचारलं, "नांदेडात लोकांनी टाळ्या वाजवल्या म्हणे?"

"लई वाजवल्या," मी म्हणालो. उठताना ते माझ्या खांद्यावर हात ठेवून उठले.

दोघांचं एकेक गुपित माझ्याकडे आहे आणि दोन्ही जड आहेत. कंधारचं ते नवीन जोडपं पाच गाणी पांघरून झोपतं आहे, त्याला पत्ताच नाही.

हमीदभाई अजून शिवतात. फक्त हल्ली रजईचं तोंड शिवण्याआधी ते हाक मारतात, "शाहीन! मेरा हाथ मोटा है, आत जात न्हाई. तू डाल." ती कानावरचा हेडफोन उतरवते, येते आणि खांद्यापर्यंत हात कापसात घालते. कोपरा न् कोपरा चाचपते. ती हमीदभाईंकडे बघत नाही, हमीदभाई तिच्याकडे बघत नाहीत.

"कुछ है?"

"कुछ नहीं, अब्बा. सिर्फ रुई."

मग ती ओवलेली सुई त्यांच्या हाताजवळ सरकवते.