दादासोंच्या अभिनंदनाचा फ्लेक्स

"ह्या गावात आरोग्यासाठी माझ्याइतका झटलेला माणूस दाखवा, मिशी उतरवतो!"

दादासो चौगुले हे वाक्य दूध संस्थेच्या कट्ट्यावर आठवड्यातून तीनदा तरी ऐकवत. गावाचं नाव मी सांगत नाही. पन्हाळ्याच्या रस्त्याला आहे, एवढं पुरे. नाव छापलं तर दादासो पुन्हा आठ दिवस घराबाहेर पडायचे नाहीत आणि त्यांच्या पत्नी अक्काताई माझ्या दारात येऊन उभ्या राहतील.

दादासो गावच्या आरोग्य समितीचे अध्यक्ष. डासांची फवारणी असो, बाळांचं लसीकरण असो, रक्तदाबाची तपासणी असो, दादासो इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून हजर! घरोघर फिरायचं आशा सेविका निशिगंधाने आणि फोटोत मध्ये उभं राहायचं दादासोंनी, अशी कामाची वाटणीच झाली होती.

दोन महिन्यांपूर्वी समितीच्या बैठकीत निशिगंधाने विचारलं, की गावात क्षयरोगाचा एक पेशंट आहे, त्याचा औषधांचा कोर्स संपेपर्यंत दर महिन्याला त्याला शेंगदाणे, डाळ, गूळ अशी आहाराची पिशवी द्यायला कुणी 'निक्षय मित्र' होईल का? तिचं वाक्य संपायच्या आत दादासोंचा हात वर!

बैठक उठल्यावर तिने त्यांना बाजूला घेतलं.

"दादा, पेशंट म्हंजे आपला चहावाला गुंडू. तुमास्नी सांगायला त्यानं कबुली दिलीया, पर दुसऱ्या कुणाला कळता कामा नये. दोन महिनं गोळ्या झाल्यात, थुंकीबी तपासलीया, आता त्याच्यापास्नं कुणाला काय धोका न्हाय. पर हे लोकांस्नी कोण पटवून देणार? नाव फुटलं तर त्याच्या गाड्यावर माशीबी बसायची न्हाय. त्याच गाड्यावर पोरगीचं कॉलेज चाललंय."

"नाव माझ्या पोटातनं भाईर आलं तर इचार!" दादासो म्हणाले.

आणि खरंच, नाव त्यांनी कुणाला सांगितलं नाही. पण आपण एवढं मोठं काम करतोय आणि गावाला त्याचा पत्ताच नाही, ह्या विचाराने त्यांना जेवण जाईना. शेवटी त्यांना उपाय सुचला. फ्लेक्स! आमच्या भागात फ्लेक्स लागल्याशिवाय कुठली गोष्ट घडली असं कुणी मानत नाही. वाढदिवसाला फ्लेक्स, निवडीला फ्लेक्स, म्हैस दुधात पहिली आली तरी म्हशीसकट मालकाचा फ्लेक्स.

त्यांनी कोल्हापूरच्या फ्लेक्सवाल्याला फोन लावला. "हे बघा, पेशंटचं नाव टाकायचं न्हाय. फोटो तर अजिबात न्हाय! निस्ता माझा फोटो टाका, मोठा, हात जोडल्याला. वर लिवा, 'क्षयरोग बरा होतो! हार्दिक शुभेच्छा!' खाली माझं नाव. आनि 'निक्षय मित्र' म्हणून टाका कुठंतरी."

ते 'निक्षय मित्र' इतकं खाली कोपऱ्यात बसलं, की फ्लेक्स बांधणाऱ्याने नेमकी तिथूनच दोरी ओवली. दादासोंना त्याचं काहीच वाटलं नाही. गुप्तता पाळून प्रसिद्धी! असं डोकं आख्ख्या तालुक्यात कुणाला आहे का?

दुसऱ्या दिवशी सकाळी फ्लेक्स दूध संस्थेसमोर, गुंडूच्या गाड्याशेजारी झळकला. आठाच्या सुमारास दादासो अभिनंदन स्वीकारायला बाहेर पडले. पहिला भेटला पिराजी. एरवी पाठीत धपाटा घातल्याशिवाय न बोलणारा हा माणूस चार हात लांब थांबला.

"दादासो, कवापासनं वो?"

"झालं की दोन महिनं," दादासो नम्रपणे म्हणाले.

"आनि कुणाला बोलला न्हाईसा!"

"असल्या गोष्टी गाजवायच्या नसत्यात, पिराजी."

"वैनींस्नी ठावं हाय?"

"व्हय की! तिला लय अभिमान हाय."

पिराजीचा चेहरा उतरला. "मग बरं कवा व्हायचं हे?"

"कोर्स सहा महिन्यांचा असतोय. पर मी म्हणतो, एकावर भागवायचं न्हाय. पुढच्या वर्षाला दोन घिणार!"

पिराजीने खांद्यावरचा टॉवेल नाकाला लावला आणि म्हशीची आठवण काढत तो निघून गेला. माणूस भारावला, असं दादासोंना वाटलं.

पुढे सलूनमध्ये दाढीला बसले, तर न्हाव्याला अचानक लग्नाला जायचं आठवलं. संस्थेच्या कट्ट्यावर टेकले, तर कट्टा दोन मिनिटांत रिकामा झाला. सेक्रेटरी खिडकीतूनच ओरडला, "दादा, उद्यापास्नं दूध गड्याकडनं धाडा!" मोठ्या माणसाला त्रास नको म्हणून म्हणत असतील, अशी दादासोंनी समजूत करून घेतली. तेवढ्यात त्यांचे जुने विरोधक उदयसिंह मोटरसायकल न थांबवताच ओरडून गेले, "दादा, खचू नगा! इलेक्शन बघता येतंय नंतर!"

आता मात्र दादासो चमकले. तोवर अक्काताई पदर सावरत धावत आल्याच.

"नेसरीहून माझी बहीण फोनवर रडालीया! तुमास्नी टीबी झालाय म्हणं! फोटो आलाय तिच्या मोबाईलवर!"

दादासोंनी वळून फ्लेक्सकडे पाहिलं. एवढा मोठा फोटो, जोडलेले हात, वर क्षयरोग, खाली हार्दिक शुभेच्छा! काही ठाऊक नसलेल्या माणसाला काय वाटेल ते त्यांना आता कळलं. पायाखालची जमीन सरकली म्हणजे काय, तेही कळलं.

ते तडक गुंडूच्या गाड्यावर गेले. तिथे अर्धं गाव जमलं होतं. "मला न्हाय झालेला! मी ठणठणीत हाय!" ते ओरडले.

"सकाळी तुमीच म्हणालासा की, दोन महिनं झालं!" पिराजी म्हणाला.

"ते मदतीचं म्हणालो! मी पेशंटला मदत करतोय!"

"कुठल्या पेशंटला?" परत फिरलेले उदयसिंह पुढे झाले. "गावात पेशंट हाय तर नाव सांगा की! आमास्नीबी कळू दे!"

गुंडू ग्लासात चहा ओतत होता. ग्लास भरला, वाहू लागला, तरी तो ओततच राहिला. दादासोंना त्याच्याकडे बघायचं नव्हतं. पण नजर गेली.

"गुंड्याकडं का बघालाईसा?" उदयसिंहांनी विचारलं.

गुंडूने किटली खाली ठेवली. एका शब्दात दादासो सुटणार होते, आणि दुपारपर्यंत हा गाडा उठणार होता. आपण फ्लेक्स लावला नसता तर हा प्रश्न कुणी विचारलाच नसता, हेही त्यांच्या ध्यानात आलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना आपलं तोंड कुठे लपवावं ते कळेना.

"चहा सांगालतो त्याला," ते पुटपुटले. "टीबी मलाच हाय."

"मग आत्ता न्हाय का म्हणालासा?"

"लाज वाटली."

ह्यावर मात्र कुणी शंका घेतली नाही. गर्दी दोन पावलं मागे सरली. "गुंडू, त्यास्नी कागदी कपात दे रं!" कुणीतरी म्हणालं. "आनि लांब बसवा!"

दादासो लांबच्या दगडावर जाऊन बसले. गुंडू कागदी कप घेऊन आला, वाकला. आता हा पाया पडणार, अशा अपेक्षेने दादासोंनी, खरं सांगायचं तर, छाती जरा पुढे काढली.

"दादा," गुंडू हळूच म्हणाला, "दोन महिन्यांनी माझा चहा घेतलासा."

आता मला सांगणं भाग आहे. निशिगंधाने ज्या दिवशी नाव सांगितलं, त्या दिवसापासून आमच्या निक्षय मित्राला अ‍ॅसिडिटी झाली होती. गुंडूच्या चहाला त्यांनी तोंड लावलं नव्हतं. आहाराची पिशवीसुद्धा ते त्याच्या दाराच्या कडीला अडकवत आणि श्वास रोखून पळत सुटत.

"पळताना बघितलं मी तुमास्नी," गुंडू म्हणाला. "पोरगीनंबी बघितलं."

दादासोंना वर बघवेना. त्यांनी तो कढत चहा एका दमात घशाखाली ओतला. जीभ भाजली, डोळ्यात पाणी आलं, आणि ते कशाने आलं ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

"चुकलं माझं, गुंडू," ते म्हणाले. "आनि एक चहा आण. तुझ्या ग्लासात आण. सगळ्यांदेखत पितो."

गुंडूने मागे वळून गर्दीकडे पाहिलं आणि मान हलवली.

"नगं दादा, तुमास्नी ग्लासात दिला तर माझी गिऱ्हाइकं तुटतील. दोन महिनं कागदी कपातच घ्या. मी बरा झालो, की मग तुमीबी बरं व्हा."