वैदेहीबाईंनी फिरविलेल्या उत्तराची हकीकत

खऱ्या नोंदीचे रक्षण करणारी जी देवता, तिचे चरणी मस्तक ठेवोन लिहितो. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सर, मार्गशीर्ष मास, ते समयी एका राज्यी बालदम्याचे नवे औषध पारखण्याचा मनसुबा जाहला. औषध लेकरांस द्यावे, गुण-अवगुण रोजचे रोज नोंदावे आणि मग राज्याने कौल द्यावा, ऐसी रीत. पूर्वी नोंदीस कागदी वही असे. परंतु लेकरांच्या आयांची चाल ऐसी की, महिनाभर वही फळीवर ठेवावी आणि तपासणीचे दिवशी इस्पितळाचे बाकावर बसोन अवघा महिना एका दमात भरावा. नोंदींच्या कारभारीण कुंदा सिस्टर म्हणत, "अहो, महिन्याचा खोकला एकाच पेनानं? मधे शाई तरी बदलायची." आया हासत, आणि खोटे तैसेच दप्तरी दाखल होई. मग राज्याने टॅब नामे काचेची पाटी घरोघर धाडिली. तिचा वकूब काय वर्णावा? आजचे आजच लिहू देई, उद्या मागितले तर कालचे दार बंद. उत्तर फिरविले तरी पहिले पुसत नसे. कोणी फिरविले, केव्हा, कां, हे सारे जपोन ठेवी, आणि लिहिले की तत्क्षणी इस्पितळी पोहोचवी.

त्या राज्यी वैदेहीबाई म्हणोन होत्या, त्यांचे चिरंजीव निषाद, वय अडीच. नव्या औषधाने चिरंजीवांचा खोकला उतरला, आणि बाई दुपारच्या निवांत आडव्या होऊ लागल्या, तरी मधून उठोन लेकराचे नाकाशी बोट धरून श्वास पाहातच असत. तों एके सकाळी औषध दिलियावर चिरंजीवांचे पोटावर लाल चट्टे उठले. पाटीने पुसिले, "अंगावर चट्टे आहेत काय?" बाईंनी 'हो' लिहिले. मग मनी आले की, हे वाचोन औषध बंद करितील आणि खोकला परतेल, आणि चट्टे काय, लोकरीच्या स्वेटरचेही असतील. ऐसे म्हणोन 'हो'चे 'नाही' केले. पाटी रागावली नाही, परंतु सोडिलेही नाही. "बदलाचे कारण?" इतुकेच पुसिले. डॉक्टरसाहेबांनी पुसिले असते तर बाई 'काही नाही, बरंय' म्हणोन उठत्या. परंतु पाटीस तोंड नाही, भीड कोणाची धरावी? बाईंनी लिहिले, "भीती वाटली."

घटका भरली नाही तों कुंदा सिस्टरांचा फोन आला. "वैदेही, चट्टे आहेत ना?"

"आहेत. पण औषध बंद झालं तर..."

"ते साहेब बघतील. तू आधी रिक्षा पकड."

इस्पितळी पोहोचेतों चिरंजीवांचे ओठ सुजले होते. डॉक्टर नाडकर्णी सिद्धच होते. त्यांनी सुई टोचिली, चिरंजीवांनी त्यांचा चष्मा ओढिला, आणि मग हळूहळू सूज उतरली. डॉक्टर बोलिले, "हे औषध याला चालणार नाही. दम्याच्या जुन्या पंपावर जाऊ या. आणि ही नोंद बाकीच्या शहरांतही गेली, तिकडच्या मुलांवर आता लक्ष राहील." बाई सिस्टरांस हळूच म्हणाल्या, "ते 'नाही' काढता येईल का हो? लाज वाटते."

"नाही गं, ते तसंच राहणार. ते आणि 'भीती वाटली' बघूनच फोनकडे धावले मी. नुसते चट्टे असते तर हातातला चहा संपवून फोन केला असता."

येणेप्रमाणे वर्तमान. खोकला परतला, पंप परतला, चिरंजीव कुशल. दप्तरी 'हो', 'नाही' आणि 'भीती वाटली' ही तिन्ही शेजारी नांदतात, खाडाखोड नाही. ऐसी पाटी ज्या राज्यी, तेथील आयांनी भीतीही लिहावी. ती वाचिली जाते.